एक घर, दोन मोबाइल, एकच हिशेब: नवरा-बायकोनं मिळून पैसे सांभाळायचे कसे

मागच्या उन्हाळ्यात आमचं लाइट बिल एकाच दिवशी दोनदा भरलं गेलं. आम्ही वडोदऱ्यात राहतो. मी मकरपुऱ्याच्या ऑफिसात डबा खाताना मोबाइलवरून भरलं आणि त्याच दुपारी नवऱ्यानं रावपुऱ्यातल्या दुकानातून भरलं. ते पैसे बुडाले नाहीत, पुढच्या बिलात वळते झाले. पण त्याच महिन्यात गॅसचं बिल कोणीच भरलं नाही, कारण दोघांनाही वाटलं की दुसऱ्यानं भरलं असणार. मी एका कारखान्याच्या अकाउंट्स विभागात काम करते, दिवसभर व्हाउचरं जुळवते. बाहेरच्यांचा हिशेब पैशापर्यंत जुळतो आणि घरातला जुळत नाही, याची त्या दिवशी मला फार टोचणी लागली.

त्यानंतर आठ-नऊ महिने आम्ही बरीच ॲप्स वापरून पाहिली. काही ठेवली, बरीच काढून टाकली. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. ॲपचं खरं काम एवढंच, की घरातला शिल्लक आकडा दोघांना एकाच दिवशी सारखा दिसावा. बाकीचं सगळं त्याआधी बोलून ठरवावं लागतं. म्हणून या लेखात ॲप चौथ्या पायरीवर येतं. घाई असली तरी आधीच्या तीन पायऱ्या गाळू नका.

पहिली पायरी: तीन महिन्यांचं स्टेटमेंट आणि एक कागद

दोघांनीही आपापल्या खात्यांचं मागच्या तीन महिन्यांचं स्टेटमेंट काढायचं. क्रेडिट कार्ड असेल तर त्याचंही. मग प्रत्येक खर्चापुढे पेन्सिलनं एक अक्षर लिहायचं: घराचा असेल तर घ, स्वतःचा असेल तर स्व, हप्ता किंवा विमा असेल तर ह. या कामाला एक रविवार जातो, आणि जाऊ द्यावा.

इथे एक खाचखळगा आहे. यूपीआय लाइट (छोट्या खर्चांसाठी ॲपमध्येच आधी पैसे भरून ठेवायची सोय) वापरत असाल तर छोटे व्यवहार बँकेच्या स्टेटमेंटमध्ये एकेक करून दिसतच नाहीत. यूपीआय लाइटमध्ये पैसे भरल्याची एकच नोंद दिसते. लाइटमध्ये 5,000 रुपयांपर्यंत शिल्लक ठेवता येते आणि एका वेळी 1,000 रुपयांपर्यंत खर्च करता येतो. म्हणजे रोजचं दूध, रिक्षा, शेव-उसळ हे सगळं त्या एका ओळीत गडप होतं. ते पाहायला यूपीआय ॲपमधला व्यवहारांचा इतिहास उघडावा लागतो.

आमच्या कागदावर पहिल्यांदा जे दिसलं, ते असं: किराणा वाटत होता त्याहून कमी, आणि "असंच काहीतरी" वाटत होतं त्याच्या जवळजवळ दुप्पट. दोष कोणा एकाचा नव्हता.

दुसरी पायरी: कुठला पैसा एकत्र, कुठला आपापला

ही पायरी सगळ्यात अवघड आणि सगळ्यात महत्त्वाची. याचे तीन प्रकार असतात. सगळं एकत्र, सगळं वेगळं, किंवा घराचा खर्च एकत्र आणि उरलेलं आपापलं. मी तिसऱ्या प्रकाराच्या बाजूची आहे. सगळं एकत्र असलं की वाढदिवसाची भेटसुद्धा दुसऱ्याला आधीच कळते. सगळं वेगळं असलं की घरात दोन भाडेकरू राहतात असं वाटायला लागतं.

मग घरखर्चात कोणी किती घालायचं? निम्मं-निम्मं ऐकायला न्याय्य वाटतं, पण मिळकत सारखी नसेल तर ते कमी कमावणाऱ्याला जड जातं. आम्ही मिळकतीच्या प्रमाणात घालतो. माझे हातात 42,000 येतात, नवऱ्याच्या दुकानाची सरासरी 28,000. प्रमाण 60 ला 40. घराचा एकत्र खर्च 40,000 धरला तर मी 24,000 आणि तो 16,000. माझ्याकडे 18,000 उरतात, त्याच्याकडे 12,000. त्यातच आपापली बचत, आपापली हौस.

त्याचं दुकान पंखे-मिक्सर-कूलर दुरुस्तीचं. एप्रिल-मे मध्ये गल्ला भरतो आणि पावसाळ्यात ओस पडतो. अशी कमी-जास्त मिळकत असेल तर सरासरीवर विसंबून चालत नाही. आम्ही असं केलं: दुकानाची सगळी कमाई दुकानाच्याच खात्यात राहते आणि दर 1 तारखेला तो तिथून स्वतःला ठरलेले 28,000 पगारासारखे देतो. उन्हाळ्याचं जास्तीचं तिथेच थांबतं आणि पावसाळ्याला पुरवतं. पहिल्या वर्षी हा साठा तयार होईपर्यंत 28,000 ऐवजी मागच्या वर्षातल्या सगळ्यात वाईट महिन्याचा आकडा धरावा, म्हणजे मधेच ओढाताण होत नाही.

आई-वडिलांचं काय, हेही इथेच बोलून घ्या. आमच्याकडे दोन्हीकडच्या आई-बाबांची औषधं एकत्र पैशातून होतात आणि भेटवस्तू ज्याच्या त्याच्या पैशातून. माहेरी पाठवलेले पैसे लपवावे लागतात अशी वेळ कोणत्याही बाईवर येऊ नये, आणि ती टाळायचा मार्ग म्हणजे आधी स्पष्ट बोलणं.

ज्या घरात एकटाच कमावतो, तिथे दुसऱ्याच्या नावानंही दर महिन्याला ठरलेली रक्कम वेगळी निघालीच पाहिजे, आणि तिचा हिशेब मागायचा नाही. घर, मुलं, सासू-सासरे सांभाळणाऱ्या बाईला साडीच्या फॉलचे पैसेसुद्धा ॲपमध्ये दाखवावे लागत असतील, तर ते ॲप तिच्यावर पहारा ठेवतंय. अशा घरात ॲप न लावलेलं बरं.

दोन नियम लिहून ठेवा. एक: आपापल्या पैशाबद्दल विचारायचं नाही. दोन: एकत्र पैशातून ठराविक रकमेच्या वरचा खर्च विचारल्याशिवाय करायचा नाही. आमची रेषा 3,000 ची आहे.

तिसरी पायरी: एकत्र खातं

घरखर्चाचं वेगळं संयुक्त खातं काढा. सयाजीरावांनी 1908 साली ज्या गावात बँक काढली त्या गावात खातं काढायला फार लांब जावं लागत नाही. फॉर्मवरचा एक चौकोन मात्र नीट वाचा. 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' निवडलंत तर दोघांपैकी कोणीही खातं चालवू शकतो. 'जॉइंटली' निवडलंत तर प्रत्येक वेळी दोघांच्या सह्या लागतात, घरखर्चाला ते निरुपयोगी. दोघांचेही मोबाइल नंबर खात्याला जोडलेत का आणि दोघांनाही त्यावर यूपीआय चालेल का, हे तिथेच विचारून घ्या.

नॉमिनीचा रकाना कोरा सोडू नका. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी ठेवता येतात.

कराची एक गोष्ट. नवऱ्यानं बायकोला दिलेल्या पैशावर बायकोला कर लागत नाही. पण ते पैसे तिनं एफडीत टाकले तर त्यावरचं व्याज नवऱ्याच्या उत्पन्नात धरलं जातं. उलट बाजूनंही तसंच. घरखर्चाला हे लागू पडायचं कारण नाही, पण संयुक्त खात्यातली शिल्लक गुंतवायची वेळ आली की कोणाचे पैसे हे लक्षात ठेवा.

चौथी पायरी: ॲप कुठलं

बाजारात ॲप्स ढिगानं आहेत. त्यांची जात ओळखली की निवड सोपी होते.

पहिली जात वाटणीची. स्प्लिटवाइज यातलं सगळ्यात माहितीचं. कोणी किती भरले आणि कोणाचे कोणाकडे किती निघतात, हे ते चोख सांगतं. टक्क्यांनीही वाटणी करता येते, म्हणजे 60-40 बसतं. मोफत आवृत्तीत रोजच्या नोंदींवर मर्यादा आहे. मित्रांबरोबर पावागढला गेलात तर याच्याइतकं सोयीचं दुसरं नाही. पण नवरा-बायकोत मला ते आवडलं नाही. रोज सकाळी "तू 340 रुपये देणं लागतेस" असं वाचलं की जेवणाच्या ताटावरही तो आकडा येऊन बसतो. नुकतंच लग्न झालंय, अजून पैसे एकत्र करायचे नाहीत, अशांनी जरूर वापरावं.

दुसरी जात लिफाफ्यांची. सासूबाई अजून सांगतात, पूर्वी महिन्याच्या पहिल्या तारखेला स्टीलच्या डब्यात पाकिटं लावलेली असायची: दूध, किराणा, फी, सणवार. पाकीट संपलं की संपलं. गुडबजेट हे ॲप नेमकं हेच मोबाइलवर करतं. मोफत आवृत्ती दोन फोनवर चालते, त्यामुळे जोडप्याला पुरते. ते बँकेला जोडावं लागत नाही, नोंद हातानं करायची. काहींना हा त्रास वाटतो. मला त्यात फायदा दिसला, कारण हातानं आकडा टाकताना तो लक्षात राहतो.

तिसरी जात एसएमएस वाचून आपोआप हिशेब लावणारी. ऐकायला छान, पण आमच्याकडे टिकली नाही. खंडेराव मार्केटमधल्या आमच्या भाजीवाल्या मावशींचा क्यूआर त्यांच्या मुलाच्या नावावर आहे. ॲपला वाटायचं आम्ही दर आठवड्याला कोणा माणसाला पैसे पाठवतोय. शिवाय काही बँका छोट्या रकमांचे एसएमएस पाठवतच नाहीत, आणि यूपीआय लाइटचं वर सांगितलंच आहे. या जातीची आणखी एक बाजू बघायला हवी. वॉलनट हे एकेकाळचं आवडतं खर्चाचं ॲप 2018 मध्ये कर्ज देणाऱ्या कंपनीनं घेतलं. ज्याला तुमच्या खात्याचे सगळे संदेश दिसतात तोच तुम्हाला कर्ज विकणार असेल, तर परवानगी देण्याआधी दोनदा विचार करा.

चौथी जात अकाउंट ॲग्रिगेटरवर चालणारी. रिझर्व्ह बँकेच्या चौकटीतली ही सोय 2021 पासून सुरू आहे. तुमच्या संमतीनं बँकेची माहिती ॲपकडे जाते आणि मधला ॲग्रिगेटर ती वाचू शकत नाही. संमती कशासाठी, किती दिवसांसाठी हे पडद्यावर लिहिलेलं असतं आणि ती कधीही मागे घेता येते. सगळी खाती, फंड, एफडी एका जागी बघायला ही चांगली. रोजच्या भाजीच्या हिशेबाला मात्र नको.

पाचवी, आपलं रोजचं यूपीआय. मार्च 2025 मध्ये आलेल्या भीम ॲपच्या 3.0 आवृत्तीत खर्च वाटून घेण्याची सोय आहे, घरच्यांना जोडून घेण्याचा फॅमिली मोड आहे. 'यूपीआय सर्कल'ही जोडप्यांच्या फार कामाचं. त्यात एकाच्या खात्यातून दुसरा स्वतःच्या फोननं पैसे देऊ शकतो. पूर्ण अधिकार दिला तर महिन्याला 15,000 आणि एका वेळी 5,000 पर्यंत. अर्धा अधिकार दिला तर प्रत्येक व्यवहाराला खातेदाराचा पिन लागतो. ज्या घरात "तुझा पिन सांग ना जरा" चालतं, तिथे आजच सर्कल लावा. पिन कोणालाच सांगायचा नसतो, लग्नाच्या जोडीदारालाही.

परदेशी यादीत हमखास दिसणारी नावं, हनीड्यू आणि वायनॅब, यांच्या मागे लागू नका. हनीड्यू अमेरिकेतल्या बँकांसाठी बनलेलं आहे. वायनॅबची वर्गणी डॉलरमध्ये आहे.

पाचवी पायरी: आम्ही जे वापरतो, ते शीट

इतकं सगळं करून आम्ही गूगल शीटवर स्थिरावलो. ॲप बंद पडलं तर हिशेब गेला ही धास्ती इथे कमी. अमेरिकेत लाखो लोक वापरत होते ते मिंट 2024 च्या मार्चमध्ये बंद झालं, म्हणून म्हणते. कुठलंही ॲप वापरा, महिन्याच्या शेवटी नोंदी एक्सेलमध्ये उतरवून ठेवा.

शीट बनवायला अर्धा तास लागतो. पहिल्या पानाचं नाव 'नोंद'. पाच रकाने: तारीख, रक्कम, पाकीट, कोणी, टीप. पाकिटाच्या रकान्यात ड्रॉपडाउन (यादीतून नाव निवडायची सोय) लावा, म्हणजे एक जण "किराणा" आणि दुसरा "किराना" लिहून बेरीज चुकणार नाही. ही चूक आमच्याकडे दोन महिने चालली होती. पाकिटं दहाच्या वर नेऊ नका. आमची नऊ आहेत: किराणा, दूध-भाजी, बिलं, शाळा, औषधं, पेट्रोल-रिक्षा, बाहेरचं खाणं, घरदुरुस्ती, वर्षाचं.

दुसऱ्या पानाचं नाव 'शिल्लक'. प्रत्येक पाकिटापुढे महिन्याची ठरलेली रक्कम, त्यापुढे झालेला खर्च, त्यापुढे उरलेले. झालेल्या खर्चासाठी 'सम-इफ्स' (SUMIFS) हे सूत्र वापरा. त्याला तीन गोष्टी सांगायच्या: रकमेचा रकाना, पाकिटाचं नाव, आणि तारीख या महिन्यातली. उरलेलं शून्याखाली गेलं की चौकोन लाल व्हावा असं कंडिशनल फॉरमॅटिंग लावा.

आता मुख्य युक्ती. मोबाइलवर शीटमध्ये टाइप करणं कटकटीचं आहे, कोणी आठवडाभरही करणार नाही. म्हणून या शीटला एक गूगल फॉर्म जोडा, त्याची उत्तरं ज्या नव्या पानात जमा होतात तेच 'नोंद' म्हणून वापरा आणि त्याची लिंक दोघांच्या फोनच्या होम स्क्रीनवर ठेवा. आमच्या फॉर्मवर चारच प्रश्न आहेत, पहिला रकमेचा. तारीख फॉर्म आपोआप घेतो. भाजीवाल्या मावशी पिशवीत कोथिंबीर घालेपर्यंत माझी नोंद झालेली असते.

'वर्षाचं' हे पाकीट नीट समजून घ्या, कारण बहुतेक घरांचा हिशेब इथेच कोलमडतो. वर्षातून एकदा येणारे खर्च आपण "अचानक आला" म्हणतो, पण उत्तरायण दर 14 जानेवारीलाच येते. आमची यादी अशी: गाड्यांचा विमा 9,000, घरवेरा (घरपट्टी) 6,000, आरोग्य विमा 27,000, पुस्तकं-गणवेश 12,000, गणपती-नवरात्र-दिवाळी-उत्तरायण मिळून 18,000, लग्नकार्यातले आहेर 12,000. एकूण 84,000, म्हणजे दर महिन्याला 7,000. ते आम्ही 2 तारखेला संयुक्त खात्यातून रिकरिंग डिपॉझिटमध्ये टाकतो, म्हणजे हाताला लागत नाहीत. यादी करताना जुन्या पावत्या डोळे झाकून उतरवू नका. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी निघाला आहे, त्यामुळे विम्याचा आकडा नव्यानं पाहा.

सहावी पायरी: रविवारची वीस मिनिटं

शीट कितीही छान असो, दोघं मिळून बघत नसाल तर ती माझ्या ऑफिसच्या फायलीसारखी धूळ खाईल. आम्ही रविवारी सकाळी चहाबरोबर बसतो, मुलगी झोपलेली असते तेव्हा. आधी संयुक्त खात्यातली खरी शिल्लक आणि शीटची शिल्लक जुळवायची. फरक शंभर-दोनशेचा असेल तर 'जुळवणी' अशी एक नोंद टाकून पुढे जायचं. हरवलेल्या साठ रुपयांसाठी रविवार घालवायचा नाही. मग लाल चौकोन बघायचे. मग येत्या आठवड्यातली बिलं वाचायची आणि प्रत्येकापुढे नाव लिहायचं, तू की मी. लाइट बिल इथे दोन महिन्यांनी येतं, म्हणून ते विसरायची भीती जास्त. आमच्याकडे ते आता कायमचं माझं आणि गॅस त्याचा.

या बैठकीत "हे कशाला घेतलंस" हा प्रश्न येऊ द्यायचा नाही. "या पाकिटात पुढच्या महिन्यात किती ठेवू या" असं विचारायचं. सुरुवातीला आम्हाला हे जमलं नाही. तिसऱ्या रविवारी नवरा चहा अर्धा टाकून उठून गेला होता, कारण त्याच्या मावा-सुपारीच्या पैशावर मी बोलले. ते पैसे त्याचे स्वतःचे होते, नियम मी मोडला होता. संध्याकाळी मी त्याची माफी मागितली आणि शीटमधून तो रकानाच काढून टाकला.

दहा-बारा दिवस नोंदी राहिल्या तर मागचं उकरत बसू नका. खात्यातली आजची शिल्लक टाका, फरक जुळवणीत घाला आणि आजपासून सुरू करा.

सातवी पायरी: कुलपं

फोनला आणि यूपीआय ॲपला कुलूप. शीट फक्त दोघांच्या ईमेलला, 'लिंक असलेल्या कोणालाही' हा पर्याय बंद. शीटमध्ये खाते क्रमांक, पासवर्ड, पिन लिहायचे नाहीत. खर्चाचं ॲप संपर्क किंवा फोटोंची परवानगी मागत असेल तर ते काढून टाका, हिशेबाला फोटो लागत नाहीत. फसवणूक झालीच तर पहिल्या तासात 1930 वर फोन करा. हा नंबर दोघांच्याही फोनमध्ये जतन असू द्या.

आणि कपाटातला कागद

माझ्या मामांना अचानक आयसीयूत ठेवावं लागलं. मामी बाहेर बाकावर बसल्या होत्या, हातात मामांचा फोन, आणि तो उघडायचा कसा हे त्यांना माहीत नव्हतं. विमा कुठल्या कंपनीचा, कार्ड कुठे, काहीच माहीत नव्हतं. चाळीस वर्षांचा संसार होता. मामा घरी आले, पण मामींचा तो चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

म्हणून मोबाइलवर सगळं असलं तरी एक कागद हातानं लिहा. कुठल्या बँकेत खाती, कुठल्या विमा पॉलिसी, एजंटचा फोन, कर्जाचे हप्ते कधी कापले जातात, पीपीएफ कुठे, लॉकरची किल्ली कुठे, नॉमिनी कोण. पिन-पासवर्ड लिहू नका. तो कागद दोघांनाही माहीत असलेल्या जागी ठेवा आणि दर दिवाळीला, इथे दुकानांत चोपडापूजन होतं तेव्हा, काढून वाचा. काही बदललं असेल तर दुरुस्त करा आणि खाली तारीख घाला. आमचा कागद देवघराच्या खालच्या खणात आहे.